एमएसचा अटॅक: एसीटीएच हार्मोनचं इंजेक्शन की स्टेरॉइडचं सलाइन?

राजारामपुरीकर | ९ मार्च, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. घाईत लिहितोय, पण शक्य तेवढं सगळं सांगतो.

माझी ताई ३४ वर्षांची, शाळेत मराठी शिकवते. २०१९ मध्ये तिच्या उजव्या डोळ्यावर पहिला अटॅक आला. डोळा हलवला की मागे दुखायचं आणि रंग फिके झाले होते. आम्हाला कळलं ते जेवताना. रविवार होता, तांबडा-पांढरा केला होता. ताई डावा डोळा झाकून आईला म्हणाली, "आज तिखट कमी घातलंस का गं? रस्सा विटकरी दिसतोय." मग उजवा झाकला आणि म्हणाली, "नाही, लालभडकच आहे की." दोन-तीन वेळा असं आलटून पालटून केलं आणि वाटी खाली ठेवली. पुढे एमआरआय झाला, पाठीतलं पाणी तपासलं, एमएस निघाला. म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, आपलीच प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचं आवरण खराब करते तो आजार. तेव्हा तीन दिवस स्टेरॉइडचं सलाइन दिलं. दीड महिन्यात रंग परत आले. २०२२ मध्ये डावा हात बधिर झाला, तेव्हाही तेच औषध.

आता चार दिवस झाले, डावा पाय ओढतोय. चालताना चप्पल मागं राहते आणि हिला पत्ताच नसतो. छातीभोवती कुणीतरी ओढणी गच्च आवळून बांधल्यासारखं वाटतंय म्हणते. डॉक्टरांनी तपासून पुन्हा तेच स्टेरॉइड, मिथाइलप्रेडनिसोलोन एक ग्रॅम, तीन दिवस असं सांगितलंय. पण त्याआधी लघवी तपासा, रिपोर्ट घेऊन या म्हणाले.

घरात मात्र दोन तट पडलेत. बाबा म्हणतात स्टेरॉइड आता बास. आमच्या गल्लीच्या तोंडाला तालीम आहे. स्टेरॉइड म्हटलं की इथल्या जुन्या माणसांच्या डोळ्यांसमोर काय येतं ते तुम्हाला माहीत आहे. त्यात अमेरिकेतल्या आतेभावानं फोनवर सांगितलं की तिकडे अशा अटॅकला एसीटीएच नावाचं हार्मोन देतात, ते स्टेरॉइड नव्हे, शरीराचं स्वतःचंच असतं. बाबांनी तेवढंच धरून ठेवलंय, "हार्मोन द्या, स्टेरॉइड नको."

हे एसीटीएच स्टेरॉइडपेक्षा खरंच चांगलं आहे का? आपल्याकडे मिळतं का? आणि पाय ओढत असताना लघवीच्या रिपोर्टसाठी दोन दिवस घालवायचे का? मला त्याचीच जास्त भीती वाटतेय.

धागादोरा | १० मार्च, सकाळी ७:०५

दादा, मी इचलकरंजीची. एमएसला ११ वर्षं झाली, सलाइन पाच वेळा घेतलंय. हार्मोनचं जाणकार सांगतील. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं मी सांगते. दोन दिवसांनी काही बिघडत नाही. रिपोर्ट घ्याच. आपल्याला मूत्राशयाचा त्रास असतो, लघवी पूर्ण होत नाही, आत थोडी राहते आणि तिथं जंतू वाढतात. आग होत नाही, ताप येत नाही, फक्त पाय गळून जातात. माझं दोनदा असं झालंय. तिसऱ्या वेळी मी डॉक्टरांकडे जातानाच रिपोर्ट घेऊन गेले.

छातीभोवती आवळल्यासारखं होतं त्याला एमएसचा पट्टाच म्हणतात. हृदयाचं काही नाही ना एवढं एकदा बघून घ्या, म्हणजे ताईंच्या मनातली भीती जाईल. मला रात्री सैल परकर आणि कोमट पाण्याच्या पिशवीनं बरं वाटायचं. पिशवी कोमटच हवी, गरम नको.

गुऱ्हाळवाला | १० मार्च, सकाळी ९:४०

माझी गोष्ट सांगतो. आमचं गुऱ्हाळ आहे, करवीर तालुक्यात. दोन वर्षांपूर्वी सीझनला काहिलीजवळ उभा होतो. चुलवाणाची धग, वर मार्चचं ऊन. तासाभरात दोन्ही पाय लाकडासारखे झाले आणि डोळ्यापुढं धुकं आलं. पोरांनी उचलून खाटेवर टाकलं. घरच्यांनी गाडी काढली, अटॅक आला म्हणून सरळ दवाखान्यात. तिथं पोचेस्तोवर गाडीतल्या एसीनं निम्मं उतरलं होतं, आणि संध्याकाळपर्यंत मी चालत घरी.

डॉक्टर म्हणाले हा अटॅक नव्हे. अंग तापलं की जुन्या जखमेच्या जागी नसांचं काम मंदावतं, गार झालं की परत येतं. यातून नवी इजा होत नाही. याला काय स्टेरॉइड लागत नाही, सावली आणि गार पाणी लागतं. तेव्हापासून काहिलीजवळ धाकटा भाऊ असतो, मी वजनकाट्याला बसतो.

तुमच्या ताईचं चार दिवस सलग हाय म्हणजे तसलं नसेल. पण तपासून घ्या.

निवृत्त_फिजिशियन | १० मार्च, दुपारी ३:१५

गुऱ्हाळवाल्यांनी नेमकं सांगितलं. याला ऊथॉफची घटना म्हणतात. विल्हेल्म ऊथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञानं १८९० मध्ये नोंदवलं होतं की व्यायामानंतर काही रुग्णांची नजर मंदावते आणि विसाव्यानंतर परत येते. खरा रिलॅप्स, म्हणजे खरा अटॅक, म्हणायचा तर लक्षण नवं किंवा स्पष्टपणे वाढलेलं हवं, ते किमान २४ तास टिकलेलं हवं, आणि मागे ताप किंवा संसर्ग नको. त्या शेवटच्या अटीसाठीच लघवीचा रिपोर्ट. शिवाय संसर्ग अंगात असताना एक ग्रॅम स्टेरॉइड म्हणजे शत्रू घरात असताना पहारा उठवणं. तेव्हा राजारामपुरीकर, तुमच्या डॉक्टरांनी योग्य क्रम धरलाय.

आता तुमच्या बाबांसाठी. त्यांना हे वाचून दाखवा, मी मुद्दाम सावकाश लिहितो.

हार्मोन आणि स्टेरॉइड असे दोन वेगळे पक्ष नाहीत. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. ती एसीटीएच सोडते, ३९ अमिनो आम्लांची एक साखळी. रक्तातून ती दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींपर्यंत पोचते आणि त्यांच्याकडून कॉर्टिसॉल बनवून घेते. हे कॉर्टिसॉल स्टेरॉइडच आहे, आणि हार्मोनही. म्हणजे एसीटीएचचं इंजेक्शन हा साखर कारखान्याचा भोंगा. भोंगा वाजला की गाळप सुरू होतं. मिथाइलप्रेडनिसोलोन म्हणजे तयार साखरेचं पोतं थेट दारात. साखर दोन्हीकडून घरात येतेच. फरक इतकाच की भोंग्यानंतर किती पोती पडतील हे त्या त्या कारखान्यावर अवलंबून. कुणाच्या ग्रंथी भरपूर कॉर्टिसॉल बनवतात, कुणाच्या कमी. डॉक्टरला डोसचा नेम धरता येत नाही. एसीटीएच मागे पडलं त्याचं हे एक मोठं कारण.

पण एके काळी तेच मुख्य औषध होतं. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन दिलं आणि अंथरुणाला खिळलेलं माणूस काही दिवसांत चालू लागलं. १९५० चं नोबेल हेंच, केंडल आणि राइशस्टाइन यांना मिळालं ते याच कामाबद्दल. एसीटीएच तेव्हा डुकराच्या पिट्युटरीतून काढत. एमएससाठी त्याची नीट कसोटी लागली ती १९७० मध्ये छापून आलेल्या अमेरिकी अभ्यासात. १९७ रुग्ण, निम्म्यांना एसीटीएच, निम्म्यांना औषध नसलेलं इंजेक्शन. पहिला आठवडा दिवसातून दोनदा ४० युनिट, मग उतरता डोस, असे दोन आठवडे. एसीटीएचवाले लवकर सुधारले, फरक मात्र माफक होता. अटॅकमध्ये औषधानं सुधारणा लवकर होते, याला मिळालेला तो पहिला भक्कम पुरावा.

मी १९८० च्या दशकात निवासी डॉक्टर असताना वॉर्डात ही इंजेक्शनं दिली आहेत. फ्रीजमधली बाटली तळहातात धरून कोमट करायची, कारण औषध दाट असे, सुईतून उतरायचं नाही. रोज वजन, रोज रक्तदाब, मधूनमधून पोटॅशियम. दुसऱ्या आठवड्यात चेहरा वाटोळा व्हायचा. एक तरुण मुलगी आठवते, कॉलेजला जाणारी. पाय सुधारत होते, पण चेहऱ्यावर पुरळ उठलं म्हणून ती आरशाकडे पाठ करून बसायची. एसीटीएचनं अधिवृक्क ग्रंथी फक्त कॉर्टिसॉल बनवत नाही, पुरुषी गुणाचे हार्मोनही थोडे वाढवते, त्यातून ते पुरळ. "शरीराचं स्वतःचं" म्हणजे निर्धोक, असं नसतं हे मी तिथं शिकलो.

तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर १९८९ मध्ये इंग्लंडमधून आलं. ६१ रुग्ण, काहींना शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन एक ग्रॅम तीन दिवस, काहींना एसीटीएचची १४ दिवसांची इंजेक्शनं. तीन महिने मागोवा घेतला. सुधारण्याच्या वेगात फरक नाही, शेवटच्या निकालातही नाही. मग तीन दिवसांत होणारं काम चौदा दिवस कोण ताणेल? जगानं सलाइन धरलं.

राजारामपुरीकर | १० मार्च, रात्री ९:५०

डॉक्टरसाहेब, तुमचं सगळं बाबांना वाचून दाखवलं. भोंग्याचं दोनदा वाचायला लावलं. ते साखर कारखान्यातूनच निवृत्त झालेत, तुम्हाला कसं माहीत असणार! गप्प बसलेत. पण विचारतात, मग अमेरिकेत अजून का देतात?

शाहूपुरी_केमिस्ट | १० मार्च, रात्री १०:३०

याचं उत्तर पैशात आहे, म्हणून मी देतो.

तिकडे एच.पी. ॲक्थार जेल हे एसीटीएच १९५२ पासून मंजूर आहे. स्टेरॉइड अजिबात सोसत नाही, शीर सापडत नाही अशा थोड्या रुग्णांसाठी तिथले काही डॉक्टर ते राखून ठेवतात. किंमत बघा. २००१ मध्ये एका बाटलीला साधारण ४० डॉलर. २००७ मध्ये एका फटक्यात १,६५० वरून २३,००० च्या वर. २०१७ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगानं कंपनीवर कारवाई केली तेव्हा भाव ३४,००० डॉलरच्या पुढे होता. आरोप असा की स्पर्धेत येऊ शकणाऱ्या कृत्रिम एसीटीएचचे हक्क विकत घेऊन त्यांनी ते बाजारात येऊच दिलं नाही. १० कोटी डॉलर भरून प्रकरण मिटलं. एका बाटलीत ४०० युनिट. रोज ८० युनिट धरले तर पाच दिवसांत बाटली संपते, पंधरा दिवसांना तीन. एका अटॅकला लाख डॉलर. औषध तेच, डुकराच्या ग्रंथीतलं, सत्तर वर्षांपूर्वीचं. याचा मला मनापासून राग येतो.

आपल्याकडे एसीटीएच मिळतं, पण माझ्याकडे त्याच्या चिठ्ठ्या येतात त्या बालरोगतज्ज्ञांच्या. तान्ह्या बाळांना एक प्रकारचे झटके येतात, बाळ एकदम दुमडतं, हात पसरतं, परत तसंच, वीस-पंचवीस वेळा ओळीनं. वेस्ट सिंड्रोम. विल्यम वेस्ट या इंग्रज डॉक्टरनं १८४१ मध्ये स्वतःच्याच मुलाचं वर्णन करून ते जगापुढं मांडलं. त्या बाळांसाठी एसीटीएच आजही पहिल्या रांगेतलं औषध आहे, आणि आई-बाप ते बर्फाच्या डब्यातून घेऊन जातात तेव्हा त्यांचे चेहरे बघवत नाहीत. तिथं त्याची गरज आहे.

आणि काकांना तालमीचं सांगा. पोरं अंग फुगवायला घेतात ते ॲनाबोलिक स्टेरॉइड, पुरुषी हार्मोनची भावंडं. ताईंना देतात ते कॉर्टिकोस्टेरॉइड. गुण अगदी उलटे. हे महिनोन् महिने खाल्लं तर स्नायू झडतो, वाढत नाही. एका नावाखाली दोन वेगळी कुळं आहेत. माझ्या काउंटरवर रोज कुणीतरी हा गोंधळ घेऊन येतं आणि कधी कधी या भीतीनं आवश्यक औषध परत ठेवून जातं. दम्याच्या पंपाचंही तसंच.

हिरवी_वाट | ११ मार्च, सकाळी ८:१०

माझं मत वेगळं आहे. स्टेरॉइडनं आजार दबतो, जात नाही. माझ्या मावसबहिणीनं दोन अटॅक काहीही न घेता काढले, दोन्ही वेळा आपोआप बरी झाली. शरीराला वेळ द्यावा.

निवृत्त_फिजिशियन | ११ मार्च, सकाळी ११:००

हिरवी_वाट, तुमचं निरीक्षण खोटं नाही, आणि मी ते उडवून लावणार नाही. अनेक अटॅक आपोआप ओसरतात. स्टेरॉइडनं सुधारणा लवकर होते, पण सहा महिन्यांनी पाहिलं तर घेतलेल्या आणि न घेतलेल्यांत फारसा फरक उरत नाही. डोळ्याच्या नसेवरच्या मोठ्या अमेरिकी चाचणीत, १५ केंद्रं, ४५७ रुग्ण, १९९२, हेच दिसलं. म्हणून नुसत्या मुंग्यांसाठी मी स्वतः स्टेरॉइड देत नसे.

पण लवकर म्हणजे काय, हे ज्याचा पाय ओढतो त्याला विचारा. शाळेत जिना चढायचा आहे. पडून मनगट मोडलं तर? दोन महिन्यांऐवजी तीन आठवड्यांत उभं राहणं ही छोटी गोष्ट नव्हे.

त्याच चाचणीतलं आणखी एक सांगायलाच हवं, कारण ते आपल्या भागात घडतं. तिसऱ्या गटाला नुसत्या तोंडानं प्रेडनिसोलोनच्या जातीच्या गोळ्या दिल्या होत्या, वजनाच्या दर किलोला एक मिलिग्रॅम, दोन आठवडे. त्यांना फायदा झाला नाही, उलट त्यांच्या डोळ्याला पुन्हा अटॅक येण्याचं प्रमाण वाढलं. तेव्हा डोळा दुखून रंग उडाले म्हणून कुणी ४०-५० मिलिग्रॅमच्या गोळ्या लिहून दिल्या तर मेंदूविकारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय सुरू करू नका.

याचा अर्थ गोळ्या वाईट असा नाही. कमी डोस वाईट. २०१५ मध्ये फ्रान्समधल्या १३ केंद्रांनी १९९ रुग्णांवर तुलना छापली. एक ग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन तीन दिवस, एका गटाला शिरेतून, दुसऱ्याला तोंडानं. २८ दिवसांनी सुधारलेले ८० टक्के आणि ८१ टक्के. म्हणजे सारखेच. तोंडानं घेणाऱ्यांना झोप थोडी जास्त उडाली. आज खरी तुलना करायची तर सलाइन की गोळ्या अशी करा, एसीटीएच की स्टेरॉइड अशी नाही.

शाहूपुरी_केमिस्ट | ११ मार्च, दुपारी १२:२०

गोळ्यांचा हिशोब मी घालतो. १६ मिलिग्रॅमची गोळी धरली तर एक ग्रॅमला ६२-६३ गोळ्या, एका दिवसाच्या, एका वेळी. ३२ ची मिळाली तरी ३१-३२. अशी चिठ्ठी पहिल्यांदा आली तेव्हा मी चूक समजून डॉक्टरांना फोन केला होता. त्यांनी समजावून सांगितलं, मी मोजून दिल्या. तुमच्या केमिस्टानं असा फोन केला तर रागावू नका, त्यानं करायलाच हवा. आणि हे स्वतःच्या मनानं करण्याचं काम नव्हे. साखर, रक्तदाब, जठराचा अल्सर, सगळं बघूनच डॉक्टर लिहितात.

कृष्णाकाठ | ११ मार्च, दुपारी ४:४५

सांगलीहून लिहितेय. एक गोष्ट कुणी बोललं नाही म्हणून सांगते. माझं निदान चार वर्षं एमएस होतं. मग दोन्ही डोळे एकदम गेले आणि पाठीच्या कण्यात लांबलचक सूज आली. रक्त बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवलं, ॲक्वापोरिन-४ ची अँटिबॉडी निघाली. एमएस नव्हताच, एनएमओ होता, म्हणजे न्यूरोमायलायटिस ऑप्टिका, डोळ्यांच्या नसा आणि पाठीचा कणा धरणारा दुसरा आजार. दिसायला भावंडं, पण वागणं वेगळं. एनएमओच्या अटॅकला थांबून बघायची सोय नसते. मला पाच दिवस सलाइन दिलं, उतार पडेना, मग लगेच प्लाझ्मा बदलला. पाच वेळा, एक दिवसाआड. डावा डोळा वाचला. उजव्याला फक्त उजेड-अंधार कळतो.

ताईंचं हे रक्त कधी झालंय का विचारा.

राजारामपुरीकर | ११ मार्च, रात्री ८:३०

कृष्णाकाठताई, फाइल काढून बघितलं. २०१९ मध्येच झालंय, निगेटिव्ह आहे. तुमचं वाचून आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, त्यांना माझा नमस्कार सांग.

आणि लघवीचा रिपोर्ट आला. पू-पेशी भरपूर. कल्चर लावलंय. ताईला जळजळ नाही, काही नाही! धागादोराताई, तुम्ही म्हणालात तसंच. आजपासून अँटिबायोटिक सुरू, तीन दिवसांनी परत तपासणी, सलाइन तोवर थांबवलंय.

चिमणी_घरटं | १२ मार्च, दुपारी १:५०

विषयाला थोडं सोडून आहे, पण हार्मोन शब्द आला म्हणून विचारते. गरोदरपणात मला नऊ महिने काहीही झालं नाही, पायात ताकद होती, थकवा नव्हता. बाळंतपण झालं आणि सातव्या आठवड्यात कंबरेखाली बधिर. त्याआधी माहेरी शेक-शेगडी चालू होती, खाटेखाली निखारे. रोज शेक घेतला की पाय थरथरायचे, आजी म्हणायची अशक्तपणा आहे. मग हे हार्मोनमुळे का? आणि तेच हार्मोन औषध म्हणून देत नाहीत का?

निवृत्त_फिजिशियन | १२ मार्च, सायंकाळी ६:१०

विषय सोडून अजिबात नाही. तुम्ही सांगितलं ते १९९८ मध्ये युरोपातल्या १२ देशांत मोजलं गेलंय, २५४ स्त्रिया, २६९ गर्भारपणं. गरोदर होण्याआधी वर्षाला सरासरी ०.७ अटॅक, त्याच वार्षिक हिशोबानं शेवटच्या तिमाहीत ०.२, आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत १.२. गर्भारपणात प्रतिकारशक्ती बाळाला परकं समजू नये म्हणून नरमते. त्यात वारेतून येणाऱ्या एस्ट्रिऑल या हार्मोनचा वाटा असावा, म्हणून ते गोळी करून देण्याची एक चाचणी अमेरिकेत झाली, १६४ स्त्रियांवर, २०१६ मध्ये छापली. आकडे आशा वाटावी असे होते, पण ते नेहमीच्या उपचारात आलेलं नाही. आणि ते अटॅक टाळण्यासाठी होतं, आलेला अटॅक उतरवण्यासाठी नव्हे.

शेकानं पाय थरथरायचे ती गुऱ्हाळवाल्यांचीच गोष्ट, चुलवाणाऐवजी शेगडी. एमएस असलेल्या बाळंतिणीला निखाऱ्यांचा शेक नको, हे घरच्या मोठ्या बायकांना आधीच सांगून ठेवावं. त्या मायेनंच करतात, सांगितलं तर ऐकतात. सातव्या आठवड्यातलं बधिरपण मात्र खरा अटॅक होता.

धागादोरा | १३ मार्च, सकाळी ६:५०

राजारामपुरीकर, सलाइन ठरलंच तर माझ्या पाच वेळांचं सांगून ठेवते.

सकाळीच लावून घ्या. दुपारी लावलं की रात्र जागीच. मला तर सकाळी लावूनही दुसऱ्या रात्री दोन वाजता उठून सगळं फडताळ आवरावंसं वाटलं, आणि आवरलं. मन फार वेगानं धावतं. ताईंना आधी सांगून ठेवा, म्हणजे त्या घाबरणार नाहीत.

तोंडात तांब्याचा पैसा धरल्यासारखी चव येते. आवळकाठी चघळा. चेहरा लाल होतो. पापड-लोणचं तेवढे दिवस बंद. साखर रोज बघायची, मधुमेह नसला तरी.

आणि वेग. किमान तासभर तरी चालू दे. एका ठिकाणी, नाव नको, गर्दी होती म्हणून वीस मिनिटांत उतरवलं. छाती इतकी धडधडली की मला वाटलं संपलं. तेव्हापासून मी घड्याळ समोर ठेवते आणि सिस्टरना गोड शब्दांत सांगते, "हळू हं, मला घाई नाही."

चौथ्या-पाचव्या दिवशी एकदम गळून जायला होतं, रडूही येतं. औषध उतरल्यामुळे होतं ते. त्या दिवशी घरी कुणीतरी असा.

निवृत्त_फिजिशियन | १३ मार्च, सकाळी १०:२५

धागादोरांनी माझं काम केलं. दोनच भर. वेगानं सोडलं तर हृदयाची लय बिघडू शकते, त्यामुळे त्यांचं घड्याळ अगदी बरोबर. आणि आपल्या देशात स्टेरॉइडआधी क्षयाचा विचार हवाच, पूर्वी झाला असेल किंवा घरात कुणाला असेल तर सांगा. शेतात अनवाणी वावरणाऱ्यांच्या आतड्यात कधी कधी एक बारीक जंत वर्षानुवर्षं राहतो, स्ट्राँगिलॉइडिस. एरवी गप्प असतो, स्टेरॉइड मिळालं की अंगभर पसरू शकतो. रक्तात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या असतील तर डॉक्टरांना दाखवा. पुढे कधी जांघेत किंवा खुब्यात दुखायला लागलं तर तेही अंगावर काढू नका. स्टेरॉइडनं क्वचित खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटतो.

राजारामपुरीकर | १४ मार्च, रात्री १०:१५

आजची तपासणी झाली. संसर्ग उतरलाय. थकवा निम्मा कमी, छातीचा पट्टा सैल. पण पाय तसाच. डॉक्टरांनी तळव्यावर किल्ली ओढली, अंगठा वर गेला. म्हणाले आता शंका नाही, हा रिलॅप्सच. उद्यापासून तीन दिवस.

मी गोळ्यांचंही विचारलं. त्यांनी हसून विचारलं, कुठं वाचलंत? हरकत नाही म्हणाले, पण ताईला आधीपासून ॲसिडिटीचा त्रास आहे आणि साखर काठावर आहे, म्हणून या वेळी देखरेखीखाली सलाइनच.

बाबांनी स्वतःहून सकाळी सातची वेळ घेतली.

राजारामपुरीकर | ८ एप्रिल, रात्री ९:००

उशिरा लिहितोय, क्षमा करा.

तिन्ही दिवस बाबा ताईच्या शेजारी स्टुलावर बसले, मनगटावरचं घड्याळ काढून हातात धरून. पहिल्या दिवशी सव्वा तास लागला, तो त्यांनी कागदावर लिहून ठेवला. साखर दुसऱ्या दिवशी २१० झाली, नंतर उतरली. पाचव्या दिवशी ताई खरंच खूप रडली. आईला आधीच माहीत होतं, ती नुसती जवळ बसून राहिली.

दहाव्या दिवसापासून पाय उचलायला लागला. आता घरात आधाराशिवाय चालते, रंकाळ्याला अर्धी फेरी करते, संध्याकाळी ऊन उतरल्यावर. फिजिओथेरपी चालू आहे. शाळा पुढच्या आठवड्यापासून, मुख्याध्यापकांनी तळमजल्यावरचा वर्ग दिलाय.

डॉक्टर म्हणाले, सलाइननं हा अटॅक लवकर उतरला, पुढचा येऊ नये म्हणून त्याचा उपयोग नाही. आता घेते ते औषध असूनही अटॅक आला, म्हणून नवीन एमआरआय करून ते बदलायचं का ते ठरवू. २२ तारखेला बोलावलंय. कुणी रिटुक्सिमॅबवर (अटॅक टाळण्यासाठी देतात त्यातलं एक औषध) असेल तर कृपया अनुभव लिहा, मी त्यासाठी वेगळा धागा काढतो.

काल ताईला घेऊन महाद्वार रोडला गेलो होतो. तिनं मागे पट्टा असलेली सँडल घेतली. अंगठ्याची कोल्हापुरी हातात घेऊन बघितली, वाकवून बघितली, आणि दुकानदाराला म्हणाली, हा जोड बाजूला ठेवा, दिवाळीला नेते.